देहबोलीकडे माणसाचं लक्ष कसं गेलं

१९०४ साली बर्लिनमध्ये हान्स नावाच्या घोड्याची मोठी चर्चा होती. त्याचे मालक विल्हेल्म फॉन ऑस्टेन हे निवृत्त शिक्षक. ते गणित घालत आणि हान्स जमिनीवर टापा आपटून उत्तर देई. यात काही चलाखी आहे का हे तपासायला मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या पुढाकाराने एक समिती बसली. तिला फसवणुकीचा मागमूस सापडला नाही, कारण फसवणूक नव्हतीच. पुढे श्टुम्फ यांचे विद्यार्थी ऑस्कर फुंग्स्ट यांनी चिकाटीने प्रयोग केले आणि १९०७ मध्ये ते प्रसिद्ध केले. विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसेल तर हान्स चुकायचा. विचारणारा त्याला दिसत नसेल तरीही चुकायचा. प्रश्न विचारून झाला की माणूस खुराकडे पाहण्यासाठी नकळत जरासा पुढे झुकतो आणि बरोबर आकडा आला की त्याची मान केसभर वर होते. घोडा तेवढंच पाहून थांबत होता.

हे कळल्यानंतरही फुंग्स्ट यांना स्वतःच्या मानेची ती हालचाल पुरती आवरता येईना.

ही गोष्ट बहुधा प्राण्यांच्या बुद्धीविषयी म्हणून सांगितली जाते. मला ती माणसांविषयीची वाटते. कितीतरी लोकांनी हान्सला प्रश्न विचारले आणि उत्तरही त्यांनीच सांगितलं, पण आपण काही सांगतो आहोत याचा पत्ता त्यांना नव्हता.

त्याआधीची दोन हजार वर्षं देहबोली हा विषय मुख्यतः वक्त्यांचा आणि नटांचा होता. वक्तृत्वात सर्वांत महत्त्वाचं काय, असं प्राचीन ग्रीक वक्ता डेमॉस्थेनिसला विचारलं तेव्हा त्याने सादरीकरण असं उत्तर दिलं. दुसरं आणि तिसरं काय, यावरही तेच, अशी आठवण रोमन वक्ता सिसेरोने नोंदवली आहे. पहिल्या शतकातल्या क्विंटिलियन या रोमन वक्तृत्वशिक्षकाने वक्तृत्वावरच्या आपल्या ग्रंथात आवाज, नजर, हात, अगदी अंगावरच्या वस्त्राची घडीसुद्धा कशी असावी हे सविस्तर लिहिलं. बाकीचे अवयव वक्त्याला साथ देतात, हात मात्र जवळजवळ स्वतःच बोलतात, असं त्याचं निरीक्षण होतं.

भरताच्या नाट्यशास्त्रात याहून बारीक नजर दिसते. मस्तकाच्या १३ हालचाली, ३६ दृष्टी, एका हाताच्या २४ मुद्रा अशी मोजदाद त्यात आहेच. पण आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा) आणि आहार्य (वेशभूषेचा) अभिनयाच्या जोडीला त्याने सात्त्विक हा चौथा प्रकार वेगळा काढला. घाम फुटणं, रोमांच येणं, आवाज कापरा होणं, चेहऱ्याचा रंग उडणं, डोळे भरून येणं या गोष्टी हातापायांना हुकूम सोडून घडत नाहीत, त्यासाठी मन त्या भावाशी एकाग्र व्हावं लागतं, हे त्यामागचं भान. ठरवून केलेलं आणि आपोआप उमटलेलं यांतला हा भेद पुढे युरोपात पुन्हा शोधला गेला, तोही विजेच्या साहाय्याने. फ्रेंच वैद्य द्यूशेन यांनी चेहऱ्याच्या स्नायूंना विजेने चेतवून त्यांची छायाचित्रं घेतली आणि १८६२ मध्ये मांडलं की ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपल्या इच्छेने हलतो, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदाशिवाय साथ देत नाही.

द्यूशेन यांची छायाचित्रं चार्ल्स डार्विन यांनी आपल्या १८७२ च्या ग्रंथात वापरली. त्याआधी त्यांनी जगभरातल्या ओळखीच्या लोकांना १६ प्रश्नांची छापील यादी पाठवली होती. आश्चर्य वाटलं की तुमच्याकडचे लोक डोळे विस्फारतात का, लाजेने चेहरा लाल होतो का, अशा स्वरूपाचे प्रश्न. चेहऱ्यावरचे मूळ भाव सर्व मानवजातीत सारखे आणि प्राण्यांशी नातं सांगणारे आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

याची दुसरी बाजू १९४१ मध्ये समोर आली. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांचे विद्यार्थी डेव्हिड एफ्रॉन यांनी न्यूयॉर्कमधल्या पूर्व युरोपीय ज्यू आणि दक्षिण इटालियन स्थलांतरितांचे हातवारे चित्रकाराच्या मदतीने टिपले. दोन्ही गटांची ढब अगदी वेगळी होती, पण तिथे रुळलेल्या त्यांच्या वंशजांत हा फरक पुसट झालेला आढळला. हातवारे रक्तातून येतात, असं नाझी सिद्धांतकार ठासून सांगत होते त्याच काळात हे पुस्तक आलं. इतकं शांतपणे, पुरावे मांडून दिलेलं उत्तर क्वचितच वाचायला मिळतं.

यानंतर विषयाला वेग आला तो १९५० च्या दशकात. परदेशी जाणाऱ्या अमेरिकी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणसंस्थेत काम करताना मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांच्या लक्षात आलं, की भाषा येऊनही माणसं अडखळतात, कारण किती जवळ उभं राहायचं, किती वेळ थांबायचं याचे नियम कुणी शिकवलेलेच नसतात. १९६६ मध्ये त्यांनी अंतराचे टप्पे मांडले: साधारण दीड फुटापर्यंत जिव्हाळ्याचं, ४ फुटांपर्यंत वैयक्तिक, १२ फुटांपर्यंत सामाजिक आणि त्यापलीकडे सार्वजनिक. ही मापं अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या मध्यमवर्गीयांवरून काढलेली आहेत, असं त्यांनी स्वतःच बजावलं होतं. ती साऱ्या जगाला लागू असल्यासारखी सांगितली जातात तेव्हा हॉल यांच्यावर अन्याय होतो.

रे बर्डव्हिसल यांनी १९५२ मध्ये हालचालींच्या अभ्यासाचा पाया घातला. पुढे ते, ग्रेगरी बेटसन आणि काही भाषाशास्त्रज्ञ, मनोविकारतज्ज्ञ यांनी मिळून एका संभाषणाच्या चित्रफितीतल्या छोट्या तुकड्यांचा, एकेक हालचाल आणि एकेक श्वास नोंदवत, अनेक वर्षं अभ्यास केला. त्याचा अहवाल १९७१ मध्ये बाहेर आला. हालचालींचा शब्दकोश लिहिता येत नाही, आधी आणि नंतर काय घडलं यावर प्रत्येक हालचालीचा अर्थ ठरतो, ही शिकवण या वाटेने मिळाली. १९६७ मध्ये ॲडम केंडन यांनी नजरेचं गणित दाखवलं: लांबलचक बोलायला सुरुवात करताना माणूस नजर बाजूला नेतो आणि संपत आलं की पुन्हा समोरच्याकडे पाहतो. ती शेवटची नजर आली नाही तर समोरचा उत्तर द्यायला रेंगाळतो. आपण बोलायची पाळी एकमेकांकडे अशी डोळ्यांनी सोपवतो.

त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे दोन प्रयोग प्रसिद्ध झाले आणि त्यांतून शब्दांना ७, आवाजाच्या सुराला ३८ आणि चेहऱ्याला ५५ टक्के हे आकडे निघाले. संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, असं आजही प्रशिक्षणवर्गांत छातीठोकपणे सांगितलं जातं. प्रत्यक्षात एका प्रयोगात वेगवेगळ्या सुरांत उच्चारलेले सुटे शब्द होते, दुसऱ्यात एका शब्दासोबत चेहऱ्याची छायाचित्रं होती, आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही एवढंच ऐकणाऱ्यांनी ओळखायचं होतं. भावना आणि आवडनिवड सोडून इतर बोलण्याला हे लागू नाही, असं मेहराबियन यांनीच स्पष्ट केलं आहे. या आकड्यांमुळे झालेलं नुकसान मला खटकतं. एक तर शब्द स्वस्त ठरले, आणि देहबोली म्हणजे समोरच्यावर छाप पाडायची युक्ती असा समज पसरला.

दुसरा गैरसमज खोटं पकडण्याचा. नजर चुकवली म्हणजे खोटं बोलतोय, हात बांधले म्हणजे मनात अढी आहे. २००६ मध्ये चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा लोक खरं-खोटं सरासरी ५४ टक्के वेळा अचूक ओळखतात असं दिसलं, म्हणजे नाणेफेकीहून जेमतेम सरस.

मग देहबोली नेमकं काय करते? एडवर्ड ट्रॉनिक आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आई आधी काही महिन्यांच्या बाळाशी नेहमीसारखी खेळते. मग काही मिनिटं ती समोरच बसून राहते, बाळाकडे पाहते, पण चेहरा कोरा ठेवते. हसत नाही, बोलत नाही, कशालाच प्रतिसाद देत नाही. बाळ आधी तिच्याकडे पाहून हसतं. पुन्हा हसून पाहतं. मग नजर काढून घेतं, चोरून तिच्याकडे पाहतं, पुन्हा तोंड फिरवतं आणि शेवटी मान वळवून, खांदे पाडून बसून राहतं.