राजाच्या कुरणातली वेधशाळा

लंडनच्या पश्चिमेला, रिचमंड येथे थेम्स नदीच्या वळणावर 'ओल्ड डियर पार्क' नावाचे विस्तीर्ण कुरण आहे. ३ जून १७६९ रोजी होणारे शुक्राचे अधिक्रमण, म्हणजे शुक्राचे सूर्यबिंबावरून सरकत जाणे, स्वतः पाहता यावे, म्हणून इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाने वास्तुकार विल्यम चेंबर्स यांच्याकडून येथे एक टुमदार वेधशाळा बांधून घेतली. दुर्बीण अचूक दक्षिणोत्तर रोखता यावी, यासाठी आसपासच्या मोकळ्या जागेत तीन दगडी स्तंभही उभारण्यात आले.

१७७२ मध्ये राजाने जॉन हॅरिसन या वृद्ध कारागिराचे पाचवे सागरी घड्याळ (जहाजावर रेखांश ठरवण्यासाठीचे अचूक घड्याळ) येथे तपासायला घेतले, तेव्हा ते सुरुवातीला वाटेल तसे चालू लागले. जवळच्याच कपाटात चुंबकपाषाण ठेवले असल्याचे राजाला आठवले आणि ते हलवताच घड्याळ ताळ्यावर आले, असे सांगतात. पुढच्या दहा आठवड्यांत त्यात जेमतेम साडेचार सेकंदांचा फरक पडला.

गंमत अशी, की ज्या चुंबकत्वाने घड्याळाला छळले, तेच पुढे या वेधशाळेचा मुख्य विषय झाले. राजघराण्याने हात आखडता घेतल्यावर १८४२ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेने ती ताब्यात घेतली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील बदल टिपण्यासाठी तेथे टांगलेल्या चुंबकावर लहानसा आरसा बसवलेला असे. त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशकिरण, संथपणे फिरणाऱ्या पिंपावर गुंडाळलेल्या छायाचित्रणाच्या कागदावर पडे आणि चुंबक रेसभर जरी हलला तरी कागदावर त्याची रेघ उमटे. १ सप्टेंबर १८५९ रोजी खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर प्रखर ज्वाला दिसली, त्याच वेळी येथील रेघेत एक छोटासा हिसका नोंदला गेला. त्यामागोमाग आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील खळबळीची, नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेनेही केली; मात्र तेथे निरीक्षक उपकरणे डोळ्यांनी वाचून आकडे हाताने लिहीत होते.

अशा नाजूक मोजमापाला निवांत परिसर लागतो आणि नेमका तोच रिचमंडला उरला नाही. विजेच्या ट्राम आल्या, की रुळांतून परतणाऱ्या प्रवाहाचा काही भाग जमिनीत झिरपतो आणि चुंबकीय नोंदी बिघडतात. त्यामुळे हे काम १९०८ मध्ये स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर या निर्जन ठिकाणी गेले. कुलाब्यावरही हीच पाळी येणार होती. पण तेथे ट्राम धावण्यापूर्वीच शहाणपणाने पावले उचलली गेली. चुंबकत्वाचा अंश नसलेला पोरबंदरचा दगड वापरून अलिबागला नवी वेधशाळा बांधण्यात आली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापे घेऊन जुन्या आकड्यांचा नव्यांशी मेळ घालण्यात आला आणि १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली.

रिचमंडची वेधशाळा हवामानाच्या नोंदी घेत १९८० पर्यंत टिकली. आज तिच्याभोवती गॉल्फचे मैदान आहे. राजाचे ते दगडी स्तंभ मात्र अजून उभे आहेत.