घरगुती रंगकाम

घराच्या भिंती, छत, दारे-खिडक्या, जाळ्या आणि कुंपण यांना घरातल्याच माणसांनी स्वतःच्या हाताने रंग देण्याचे काम. घर सजवण्याच्या हौशी कामांत याला हत्यारे कमी लागतात आणि फरक लगेच दिसतो, त्यामुळे बहुतेकांची सुरुवात इथूनच होते. मात्र ब्रश आणि रोलर फिरवणे हा एकूण श्रमाचा लहानसा हिस्सा असतो. खरवडणे, धुणे, भरणे, घासणे यांतच दिवस जातात. सहा महिन्यांत पोपडे सुटले तर लोक रंगाला दोष देतात. कारण मात्र जवळजवळ नेहमी या आधीच्या कामात सापडते.

रंगाच्या डब्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात : रंगद्रव्य, त्याला भिंतीशी धरून ठेवणारा बंधक, आणि दोघांना पातळ ठेवणारे पाणी किंवा द्रावक. रंग वाळतो कसा, हे बंधकावर ठरते. चुन्याच्या सफेदीत वेगळा बंधक नसतोच. भिजवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो. तैलरंगातले जवसाचे तेल किंवा अल्किड नावाची कृत्रिम राळ हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होते. इमल्शनमध्ये ॲक्रिलिकसारख्या पदार्थाचे सूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असतात. पाणी उडाले की ते एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा तयार होतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. म्हणून ओला ब्रश नळाखाली सहज धुतला जातो आणि रात्रभर तसाच राहिलेला ब्रश सकाळी फेकावा लागतो. गारठ्यात, ढोबळमानाने १० अंश सेल्सिअसच्या खाली, हे कण नीट मिसळत नाहीत. थर वरून वाळल्यासारखा दिसतो, पण हात फिरवला की भुकटी निघते. घराच्या रंगांसाठी पूर्ण ॲक्रिलिक इमल्शन रोम अँड हास या कंपनीने १९५३ मध्ये बाजारात आणले. उग्र वास नाही, टर्पेंटाइनची गरज नाही, काही तासांत दुसरा हात, म्हणजे रंगाचा पुढचा थर, देता येतो. अशा रंगांमुळेच हे काम कारागिराच्या हातून घरच्यांच्या हाती येणे सोपे झाले.

रंग खालचे डाग कितपत झाकतो, हा प्रकाशाचा खेळ आहे. रंगद्रव्य आणि त्याच्या भोवतालचा पदार्थ यांच्या अपवर्तनांकांत (प्रकाश किती वाकतो ते सांगणाऱ्या अंकांत) जितका फरक, तितका प्रकाश जास्त विखुरतो आणि थर अपारदर्शक दिसतो. बंधकाचा अंक साधारण १.५, खडूचा १.६, तर टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याच्या रुटाइल या स्फटिकरूपाचा सुमारे २.७ असतो. खडूची भुकटी तेलात कालवली की जवळजवळ नाहीशी होते ती याचमुळे. सफेदीचा हात ओला असताना पारदर्शक वाटतो आणि पाण्याची जागा हवेने घेतली की पांढरा होतो, त्याचेही कारण हेच. नवशिक्याला मात्र तो ओला हात पाहून चुना कमी पडल्यासारखे वाटते आणि तो जाडसर थर देतो. तोच पुढे सुटतो. भडक पिवळे आणि लाल रंग मुळातच कमी झाकतात. तिथे चौथा-पाचवा हात देण्यापेक्षा अस्तरातच (रंगाआधी द्यायच्या प्रायमरच्या थरात) थोडी करडी छटा मिसळणे शहाणपणाचे.

टायटॅनियमच्या आधी पांढरेपणासाठी पांढरे शिसे वापरले जाई. ते विषारी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२१ मध्येच त्याच्या वापरावर निर्बंध घालणारा करार केला; अमेरिकेत घरगुती रंगातील शिशावर बंदी यायला मात्र १९७८ उजाडले. त्यामुळे जुन्या घरातले रंगाचे थर कोरडे घासू नयेत. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. असा थर शाबूत असेल तर त्यावरच नवा रंग देऊन तो बंद करावा. काढायचाच असेल तर पाणी मारून ओला घासावा आणि धूळ-चिखल कपड्यांवरून घरभर नेऊ नये.

भिंतीची पारख या कामात सर्वांत महत्त्वाची. कोरड्या तळव्याने भिंत चोळावी. हाताला पांढरे लागले तर जुना थर सुटा आहे. सफेदीवर थेट इमल्शन दिले तर नेमके हेच नडते : इमल्शन वाळताना आकसते आणि खालचा कमकुवत चुना सोबत ओढून पापुद्र्यासारखे सुटते. तो चुना खरवडून, भिंत धुऊनच पुढे जावे. ओल असेल तर तिचा उगम आधी शोधावा. त्यासाठी प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी भिंतीला घट्ट चिकटवून एक-दोन दिवस ठेवतात. थेंब प्लॅस्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतली दमट हवा गार भिंतीवर थिजते आहे. पहिल्या बाबतीत गळका नळ, तुंबलेली पन्हळ किंवा पायाकडून चढणारे पाणी पाहावे लागते. दुसऱ्या बाबतीत खिडकी उघडी ठेवणे पुरते. भिंतीवर पांढरे क्षार फुटून लोणा आला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडावा. पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा आत शिरतात. ओल रोखणारे म्हणून विकले जाणारे रंग आतून येणाऱ्या पाण्यापुढे टिकत नाहीत. पाणी शेजारच्या कोपऱ्यातून वाट काढते, एवढेच.

नवा सिमेंटचा गिलावा अतिशय अल्कधर्मी असतो. त्यावर घाईने तैलरंग दिला तर तेलाचा चक्क साबण होतो आणि थर चिकट होऊन सुटतो. म्हणून गिलाव्याला निदान महिनाभर वाळू द्यावे आणि अल्कली सोसणारे अस्तर द्यावे. अस्तर ही खर्च वाचवण्याची जागा नव्हे. अस्तराविना कोरडा गिलावा रंगातले पाणी झटकन शोषतो, ॲक्रिलिकचे कण एकत्र यायच्या आत थर कोरडा पडतो आणि डागाळ दिसतो.

चिरा आणि खड्डे पुट्टीने किंवा लांबीने (भरण्याच्या घट्ट लगद्याने) भरतात. केसासारखी चीर तशीच वरून भरली तर पुन्हा उमटते. ती पत्तीच्या टोकाने थोडी रुंद करून, धूळ झाडून, मग भरावी. खोल खड्डा एका दमात न भरता दोन-तीन थरांत भरावा, नाहीतर मधोमध बसतो. वाळल्यावर सँडपेपरने घासताना दिवा भिंतीलगत धरून तिरपा प्रकाश टाकावा. समोरून गुळगुळीत वाटणाऱ्या भिंतीवरचे सगळे उंचवटे तेव्हा उघडे पडतात. चकचकीत रंग हे उंचवटे आणखी दाखवतो, मंद पोताचा लपवतो. म्हणून खडबडीत जुन्या भिंतीला चकाकी शोभत नाही.

रंगछटेचा निर्णय छोट्या नमुनापट्टीवरून घेणे फसवे असते. चारही भिंतींवरून प्रकाश एकमेकींवर परावर्तित होतो, त्यामुळे तीच छटा खोलीत अधिक गडद वाटते. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात देऊन तो सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली वेगवेगळ्या भिंतींवर टेकवून पाहावा. एकाच छटेचे अनेक डबे लागणार असतील तर ते आधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळावेत. दोन डब्यांतला सूक्ष्म फरक भिंतीच्या मधोमध उमटला की डोळ्यांना सारखा खुपतो.

क्रम वरून खाली : छत, भिंती, मग दारे-खिडक्या. कडा आणि कोपरे ब्रशने आखून लगेच रोलर फिरवावा, म्हणजे ओली कडा ओल्या कडेत मिसळते. अर्धवट वाळलेल्या पट्ट्यावर पुन्हा रोलर नेणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. कडा सांभाळणारी मास्किंग टेप रिचर्ड ड्रू याने ३एम कंपनीत १९२५ मध्ये तयार केली, तीही मोटारींच्या दुरंगी रंगकामासाठी. ती शेवटचा हात पुरता वाळण्याआधी, तिरपी ओढून काढावी. वाळल्यावर ती रंगाचा पापुद्राही ओढते. गुळगुळीत पृष्ठावर एक लीटर इमल्शन एका हाताला साधारण १० ते १२ चौरस मीटर पुरते, खडबडीत भिंतीवर बरेच कमी.

घराबाहेरच्या आणि बागेतल्या वस्तूंना निराळे नियम लागतात. लोखंडी जाळी तारेच्या ब्रशने घासल्यावर अस्तर त्याच दिवशी द्यावे, नाहीतर रात्रीच्या दमटपणात तिला पुन्हा गंज चढतो. जस्तलेपित पत्र्यावर थेट अल्किड तैलरंग देऊ नये, कारण जस्ताशी अभिक्रिया होऊन तिथेही साबणच तयार होतो. लाकडी कुंपणात पाणी मुख्यतः फळ्यांच्या कापलेल्या टोकांतून शिरते, आणि हौशी रंगारी विसरतो ती जागाही हीच. मातीच्या कुंडीला फक्त बाहेरून रंग दिला तर आतल्या ओल्या मातीतले पाणी कुंडीतून झिरपून रंग उचलते. आतून आधी जलरोधक लेप द्यावा किंवा कुंडी मातीच्याच रंगाची राहू द्यावी.

जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवणे धोक्याचे असते. तेल हवेशी संयोग पावताना उष्णता निघते, बोळ्यात ती साठते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात. बुरशी काढण्यासाठी ब्लीच वापरल्यास त्यात आम्लयुक्त किंवा अमोनियायुक्त क्लीनर मिसळू नये, विषारी वायू तयार होतात. टेकवायच्या शिडीचा पाया, शिडी जितक्या उंचीवर टेकते तिच्या एक चतुर्थांश अंतरावर भिंतीपासून असावा.

उरलेला रंग घट्ट झाकण लावून, छटेचा क्रमांक आणि खोलीचे नाव लिहून ठेवतात. पण वर्ष-दोन वर्षांनी ओरखड्यावर तोच रंग लावला तरी ठिगळ दिसते, कारण दरम्यान भिंतीवरचा रंग उन्हाने आणि धुळीने बदललेला असतो. अशा वेळी एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सबंध भिंतीलाच एक हात द्यावा लागतो. कोपऱ्यावर प्रकाश बदलत असल्याने तिथला फरक लक्षात येत नाही.