वेव्ह की फ्लॅक? रेकॉर्डिंग करताना एक, जपून ठेवताना दुसरं

संगणकावर गाणं रेकॉर्ड करायला बसलं की सॉफ्टवेअर विचारतं, फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये हवी? एमपी३ नको, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. त्यात आवाजाचा काही भाग कायमचा गाळलेला असतो आणि दर वेळी संपादन करून पुन्हा एमपी३ केली की आणखी थोडा जातो. घोळ होतो तो वेव्ह आणि फ्लॅकमध्ये. दोन्ही ‘लॉसलेस’, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणारे, मग फरक कसला?

ऐकण्यात कसलाच नाही. ‘फ्लॅक जरा पातळ वाजतं’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. त्यांनी २४-बिट वेव्ह आणि तिचीच फ्लॅक दोन ट्रॅकवर तंतोतंत जुळवून ठेवावी, एकीचा फेज उलटा करावा (म्हणजे तिच्या लहरी उलट्या होतात आणि सारखे आवाज एकमेकांना खोडतात) आणि प्ले दाबावं. काहीही ऐकू येणार नाही, कारण दोन्हीतले आकडे एकच आहेत.

फरक आहे तो हे आकडे ठेवण्याच्या पद्धतीत. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९९१ साली आणलेल्या वेव्हमध्ये सगळे सॅम्पल (सेकंदाला हजारो वेळा घेतलेली आवाजाची मोजमापं) जसेच्या तसे ओळीने लिहिलेले असतात. ४८ किलोहर्ट्झ, २४-बिट स्टिरिओला मिनिटाला सुमारे १७ एमबी लागतात. मग त्या मिनिटात गाणं असो की शांतता. २००१ साली आलेलं फ्लॅक आधीच्या सॅम्पलवरून पुढचा किती असेल याचा अंदाज बांधतं आणि अंदाज जितका चुकला तितकंच लिहून ठेवतं. म्हणून मध्ये मध्ये थांबणारा एकटा आवाज चांगलाच आक्रसतो, तर झांजा आणि डिस्टॉर्शनवाल्या गिटारचा कल्लोळ फारसा दबत नाही. साधारणपणे फाइल निम्म्या ते दोन तृतीयांश आकाराची होते. शून्य ते आठ या कॉम्प्रेशन लेव्हलचा दर्जाशी संबंध नाही. आकडा वाढला की संगणक जास्त खपतो आणि फाइल थोडी लहान होते, इतकंच.

मग थेट फ्लॅकमध्येच रेकॉर्ड का करू नये? काही सॉफ्टवेअरमध्ये तसं करता येतं, पण मी करणार नाही. संपादन करताना डझनावारी ट्रॅक एकदम वाजतात, कापले जातात, मागेपुढे सरकतात. तिथे प्रत्येक तुकडा आधी उलगडत बसणं हे फुकटचं काम, आणि बरीच सॉफ्टवेअर फ्लॅक आत घेताना तिची वेव्ह करूनच पुढे जातात. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं: ३२-बिट फ्लोट, म्हणजे सॅम्पल पूर्णांकात न ठेवता दशांशात ठेवण्याची पद्धत. वेव्हमध्ये ते मावतं, फ्लॅकमध्ये फक्त पूर्णांक. मिक्स करताना पातळी शून्य डेसिबलच्या वर गेली तरी फ्लोट फाइलमध्ये ती नंतर खाली ओढता येते. (साध्या ऑडिओ इंटरफेसमध्ये आवाज आत येतानाच फाटला असेल, तर मात्र कोणताही फॉरमॅट तो सांधू शकत नाही.)

वेव्हचीही दुखणी आहेत. नेहमीची वेव्ह ४ जीबीच्या पुढे जात नाही. वरच्या हिशेबाने चार तासांच्या आसपास, आणि ९६ किलोहर्ट्झला त्याच्या निम्म्यात. लांबलचक मैफल एका दमात रेकॉर्ड करायची असेल तर सॉफ्टवेअरमध्ये आरएफ६४चा (वेव्हच्याच मोठ्या फाइलींसाठीच्या प्रकाराचा) पर्याय शोधावा. शिवाय हार्ड डिस्कवर पडून पडून एखादा बिट बिघडला, तर वेव्हला त्याचा पत्ताही लागत नाही. फ्लॅक मूळ आवाजाची एमडी५ खूण (सगळ्या आकड्यांवरून काढलेला एक छोटा ठसा) सोबत बाळगतं, त्यामुळे दहा वर्षांनीही फाइल शाबूत आहे का हे तपासता येतं. कलाकार, तारीख, राग अशी माहितीही फ्लॅकमध्ये नीट राहते.

म्हणून काम चालू असेपर्यंत वेव्ह, काम संपल्यावर फ्लॅक. एमपी३पासून बनवलेली फ्लॅक मात्र नुसती मोठी फाइल असते, गाळलेलं काही परत येत नाही. आणि फ्लोट टेकची फ्लॅक करायची तर आधी पातळी शून्याच्या खाली आणून ती २४-बिट करावी, नाहीतर वरची टोकं कापली जातील. रूपांतर करताना ‘व्हेरिफाय’ चालू ठेवा. तपासणी निर्धोक पार पडेपर्यंत वेव्ह डिलीट करू नका.