दोऱ्यांत साठवलेली नक्षी

चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच संगणक होता आणि तो रेशीम विणत असे, अशा अर्थाचा मजकूर समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतो. त्याच्या मुळाशी एक खरी घटना आहे. छंगदू शहरातील लाओग्वानशान येथे २०१२-१३ मध्ये उत्खनन झालेल्या थडग्यांत नक्षीदार कापड विणणाऱ्या मागांच्या चार लहान प्रतिकृती मिळाल्या, आणि त्या इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील आहेत. या मागांत नक्षीच्या प्रत्येक वेगळ्या ओळीसाठी ताण्याचे, म्हणजे मागावर लांबीत ताणलेले, ठरावीक धागे उचलणारी स्वतंत्र चौकट लागे. मागावर चौकटी किती मावणार याला मर्यादा असल्यामुळे नक्षीची उंचीही बेताचीच राहत असे.

ही मर्यादा ज्या युक्तीने ओलांडली, ती मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. चौकटींऐवजी ताण्याच्या धाग्यांना वरून दोऱ्या जोडल्या गेल्या. एकच फूल कापडाच्या रुंदीत दहा वेळा यायचे असेल, तर त्या दहाही फुलांतील समान स्थानाचे धागे एकाच दोरीला बांधले जात. या उभ्या दोऱ्यांमध्ये आडवे दोरे गुंफले जात, आणि प्रत्येक आडवा दोरा म्हणजे नक्षीची एक ओळ असे. जी उभी दोरी त्या ओळीत उचलायची, तिला तो कवेत घेई. उरलेल्या दोऱ्या तो सोडून देई. एका फुलासाठी हजार उभ्या दोऱ्या आणि हजार ओळी धरल्या, तर ‘उचल’ किंवा ‘राहू दे’ असे दहा लाख निर्णय माग सुरू होण्यापूर्वीच गाठींच्या रूपाने घेतलेले असत. मागाच्या वरच्या मजल्यावर बसलेला कारागीर एकेक आडवा दोरा ओढून दोऱ्यांचा तो गट वर खेची आणि खाली बसलेला विणकर उघडलेल्या फटीतून बाणा, म्हणजे कापडाचा आडवा धागा, घाली. सोंग यिंगशिंग याने १६३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तंत्रविषयक ग्रंथात नक्षी बांधणाऱ्याची बुद्धी सर्व कारागिरांत तल्लख म्हटली आहे. कोणते फूल उमटणार हे प्रत्यक्ष विणणाऱ्यालाही ठाऊक नसते, असेही तो नोंदवतो. म्हणजे येथे माहितीचा साठा होता, पण गणना नव्हती. गणना नक्षी बांधणाऱ्याच्या डोक्यात होत असे, आणि तिचे श्रेय यंत्राला देण्यात त्या माणसावरच अन्याय होतो.

युआन, मिंग आणि छिंग राजवटींत दरबारी वस्त्रांसाठी नावाजलेले नानजिंग शहरातील ‘युनजिन’ हे रेशमी कापड याच पद्धतीने विणले जाते. त्यात सोन्याचा वर्ख कापून केलेली जरतार असते, आणि कधी रेशमासोबत पिळलेले मोरपिसाचे तंतूही असतात. मोरपिसाची झळाळी रंगद्रव्यापेक्षा पिसाच्या सूक्ष्म रचनेतून येते. युनजिनच्या ‘च्वांगह्वा’ प्रकारात पायाचा बाणा कापडाच्या पूर्ण रुंदीतून जातो, तर रंगीत धागे छोट्या कांड्यांवरून ज्या त्या फुलापुरतेच हाताने घातले जातात, त्यामुळे एकाच ओळीतील शेजारच्या फुलांचे रंग वेगवेगळे ठेवता येतात. आडवा धागा काठापासून काठापर्यंत फेकणाऱ्या यंत्रमागाला नेमके हेच साधत नाही. दोन माणसे दिवसभर राबली तरी कापड जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर पुढे सरकते. विणकर पूर्वापार पाठ केलेली पदे म्हणत कामाचा क्रम ध्यानात ठेवत आले आहेत. २००९ मध्ये युनेस्कोने या कारागिरीची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत केली.

पैठणीच्या पदराशी याची तुलना करण्याचा मोह मराठी वाचकाला होईल, पण ती अर्धीच जुळते. युनजिनमधील रंगीत धागे काढून टाकले तरी खालचे कापड शाबूत राहते. पैठणीच्या नक्षीत मात्र ते रंगीत धागेच कापड घडवतात. पैठणीचे खरे भावंड म्हणजे सोंग राजवटीच्या काळापासून गाजलेले आणि चीनमधील सूचौ शहरात आजही विणले जाणारे ‘केसी’ हे रेशमी कापड. फरक सांध्यात आहे: पैठणीत शेजारचे दोन रंग एकमेकांत अडकवले जातात, तर केसीत उभ्या कडेवर ते आपापल्या हद्दीतून मागे वळतात आणि कापड उजेडासमोर धरल्यास तेथे बारीक चिरा दिसतात.