रजेचा डॉक्टरी दाखला: समक्ष अंगठ्यापासून व्हिडिओ कॉलपर्यंत

रजेसाठीच्या डॉक्टरी दाखल्याचा जो नमुना देशातल्या डॉक्टरांना घालून दिलेला आहे, त्यात सर्वांत वर रुग्णाची सही किंवा अंगठा असतो. हा अंगठा डॉक्टरांच्या समक्ष उठवायचा, असे तिथेच छापलेले आहे. खाली दोन ओळखखुणांसाठी जागा. मग डॉक्टर लिहून देतात, की वर ज्यांची सही आहे त्यांना मी काळजीपूर्वक तपासले, त्यांना अमुक आजार आहे आणि प्रकृती सुधारण्यासाठी इतके दिवस कामावर न जाणे अत्यावश्यक आहे. मोबाइलवरून घरबसल्या मिळणाऱ्या दाखल्याबद्दल कचेऱ्यांमध्ये आज जी ओढाताण चालते, तिचे मूळ या 'समक्ष' शब्दात आहे.

जुन्या कायद्यांना 'कसे तपासले' यापेक्षा 'कोणी तपासले' याची जास्त काळजी होती. 1912 च्या मुंबई वैद्यकीय कायद्याने आपल्या प्रांतात डॉक्टरांची नोंदवही सुरू केली. देशातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. 1956 च्या भारतीय वैद्यकीय परिषद कायद्याने स्पष्ट केले, की कायद्याने लागणाऱ्या आजारपणाच्या किंवा फिटनेसच्या दाखल्यावर सही करण्याचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांनाच आहे. तपासणी समोरासमोर होणार हे वेगळे सांगायची तेव्हा गरजच नव्हती. 1972 च्या केंद्रीय रजा नियमांतल्या नमुन्यात मात्र जातीने तपासल्याचा उल्लेख आला. सरकारी नोकरीतल्या माणसासाठी तो दाखला म्हणजे पगार होता आणि साहेबांच्या मनातल्या संशयाला उत्तरही होते.

पुढचा महत्त्वाचा टप्पा भारतीय वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेचा. त्या वर्षी एप्रिलमध्ये राजपत्रात आलेल्या या विनियमांनी डॉक्टरांवर दाखल्यांचे रजिस्टर ठेवण्याचे बंधन घातले. दिलेल्या प्रत्येक दाखल्याचा तपशील, रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता, किमान एक ओळखखूण आणि दाखल्याची प्रत, हे सगळे जपायचे. खोटा किंवा दिशाभूल करणारा दाखला दिल्यास नोंदवहीतून नाव काढले जाऊ शकते, हेही त्यातच आहे. सुरुवातीला सांगितलेला नमुना याच विनियमांचे परिशिष्ट 2. माझ्या मते रजिस्टरची ही तरतूद अतिशय शहाणपणाची आहे. दाखला खरा की खोटा हे कागदाकडे बघून कळत नाही. देणाऱ्याकडे त्याची नोंद सापडते का, यावरून कळते.

खरे तर तोवर कागदाशिवाय सही करण्याची सोय कायद्यात आलेली होती. माहिती तंत्रज्ञान कायदा 17 ऑक्टोबर 2000 पासून लागू झाला आणि डिजिटल सहीला हातच्या सहीचे मोल मिळाले. पुढे 2015 पासून आधारवर चालणारी ई-साइनची सोयही आली. इथे एक गफलत सर्रास होते. लेटरहेडवर सही-शिक्का करून त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, की पुष्कळांना ती डिजिटल सही वाटते. तो फक्त फोटो असतो. खऱ्या डिजिटल सहीत कागदपत्र नंतर कोणी बदलले तर ते उघड होते. फोटोतला 'तीन दिवस' 'तेरा दिवस' झाला तर कळायला मार्ग नसतो.

म्हणजे सही दुरून चालत होती. तपासणी दुरून चालते का, या प्रश्नावर नियम गप्प होते. ही शांतता मोडली ती महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणाने. रत्नागिरीत बाळंतपणानंतर एका महिलेचा मृत्यू झाला. डॉक्टर गावात नसताना फोनवरून औषधे सांगितली गेली, असा आरोप होता. जुलै 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टर दांपत्याचा अटकपूर्व जामीन नाकारला आणि निदानाविना औषध देण्यावर कठोर शब्दांत बोट ठेवले. तो निकाल त्या प्रकरणापुरता होता. पण फोनवर सल्ला देणेच गुन्हा आहे की काय, अशी धास्ती राज्यभरच्या डॉक्टरांनी घेतली. फोनवर औषध सांगणे इतके जोखमीचे, तर फोनवर ऐकून दाखला कोण देणार?

मग करोना आला. देशभर टाळेबंदी लागली त्याच दिवशी, 25 मार्च 2020 रोजी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. मे महिन्यात ती राजपत्रात येऊन 2002 च्या विनियमांना परिशिष्ट 5 म्हणून जोडली गेली. व्हिडिओ, ऑडिओ आणि लेखी संदेश, तिन्ही मार्गांनी सल्ला देण्यास मुभा मिळाली. डॉक्टर आणि रुग्ण दोघांचीही ओळख पटलीच पाहिजे, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दिसला पाहिजे, नोंदी ठेवल्या पाहिजेत, आणि सल्ला किंवा औषध देणारा माणूसच असला पाहिजे, यंत्र नव्हे, हेही ठरले. औषधांच्या तर याद्याच केल्या: कोणती कुठल्याही माध्यमातून सांगता येतील, कोणती पहिल्याच वेळी द्यायची तर व्हिडिओच हवा, कोणती फक्त आधी प्रत्यक्ष पाहिलेल्या रुग्णाला, आणि औषध कायद्याच्या अनुसूची एक्समधली व अमली पदार्थांच्या कायद्यातली औषधे अजिबात नाहीत.

औषधांबाबत इतका बारकाईने विचार झाला, पण रजेच्या दाखल्यासाठी अशी यादी केली गेली नाही. त्या दिवसांत घाई होती, जीव वाचवायचे होते, हे मला समजते. तरीही ताप आलेल्या माणसाला डॉक्टरांचा सल्ला घरी मिळाला आणि रजेच्या कागदासाठी मात्र आजारी अंगाने रांगेत जावे लागले, ही त्या उणिवेची खरी किंमत होती. पगार कापला जाणाऱ्या कामगाराला ती सर्वांत जास्त मोजावी लागली.

सगळेच दाखले एका मापाचे नाहीत, हेही खरे. वाहन परवान्यासाठीचा फॉर्म 1-ए घ्या. त्यात दृष्टी, ऐकू येणे, हातापायांची स्थिती पाहायची असते; हे स्क्रीनवर होणार नाही. महाराष्ट्रात जून 2021 पासून शिकाऊ परवाना घरबसल्या मिळू लागला आणि डॉक्टरांनी हा दाखला थेट परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर भरण्याची पद्धत आली. इथे तपासणी समोरासमोरच राहिली. ऑनलाइन गेला तो कागद. ही वाट मला पटते, कारण मधल्या मध्ये कोरे शिक्के विकणाऱ्याला त्यात जागा उरत नाही. दोन दिवसांच्या जुलाबांसाठी मात्र व्हिडिओवरची तपासणी पुरेशी ठरू शकते. 'ऑनलाइन दाखला' या एकाच नावाखाली या दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात.

दरम्यान नियम करणारी संस्थाच बदलली. 25 सप्टेंबर 2020 पासून जुन्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. नव्या कायद्याच्या कलम 34 मध्ये नोंदणी नसलेल्याला दाखल्यावर सही करायची मनाई कायम राहिली आणि शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी झाली. आयोगाने 2 ऑगस्ट 2023 रोजी नवी आचारसंहिता काढली. तिच्यात टेलिमेडिसिन होते आणि तीन वर्षांत सर्व नोंदी डिजिटल करण्याची अटही होती. पण जेनेरिक नावांनीच औषधे लिहिण्याच्या सक्तीवरून आणि औषध कंपन्यांच्या परिषदांवरच्या बंधनांवरून डॉक्टरांच्या संघटना उठल्या, आणि त्याच महिन्यात संपूर्ण आचारसंहिता स्थगित झाली. दाखल्याशी त्या वादाचा काही संबंध नव्हता, तरी तोही परत 2002 च्या नियमांकडे गेला.

1 जुलै 2024 पासून खोट्या दाखल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 234 मध्ये गेला. पूर्वी तो दंड संहितेच्या 197 मध्ये होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय नोंदवहीचे पोर्टल सुरू झाले.  तेव्हा सही करणारा डॉक्टर नोंदणीकृत आहे की नाही, हे पाहणे आता आस्थापना शाखेतल्या कारकुनालाही अवघड नाही.

आज एकाच विनियमांच्या पुस्तिकेत दोन्ही परिशिष्टे आहेत. पाचवे सांगते, की रुग्णाला व्हिडिओवर पाहून उपचार करता येतात. दुसरे अजूनही अंगठा समक्ष मागते. सावध डॉक्टर व्हिडिओवर तपासल्याचे दाखल्यातच लिहितात, मोजके दिवस देतात आणि आपल्या रजिस्टरमध्ये नोंद करतात. असा दाखला स्वीकारायचा की नाही, हे त्या कचेरीचे रजेचे नियम आणि टेबलापलीकडचा माणूस ठरवतो.