कॅन्सर पेशंटसाठी फुले योजना, धर्मादाय बेड आणि मुख्यमंत्री निधी : अर्ज नेमका कुठे अडतो

गेल्या महिन्यात पुण्यातल्या वारज्याच्या एका काकूंबरोबर आरोग्यमित्राच्या, म्हणजे हॉस्पिटलात फुले योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, टेबलासमोर अडीच तास बसले होते. रेशनकार्डावर त्यांचं नाव 'सुमन' (नाव बदललंय), आधारवर 'सुमनबाई', आणि बायोप्सीच्या (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या) रिपोर्टवर नुसतं 'सुमन एस.' वय तिन्हीकडे तीन. ब्रेस्ट कॅन्सरचं निदान होऊन बारा दिवस झालेले, केमो सुरू करायची डॉक्टरांची तयारी, पण कागदावर ही एकच बाई आहे हे कुणाला पटवता येईना. मी स्वतः पेशंट आहे, २०१९ साली माझं निदान झालं, आता फॉलोअपवर आहे आणि जमेल तसं नवीन पेशंटांबरोबर हॉस्पिटलात जाते. त्यामुळे जे वारंवार अडताना बघते तेवढंच इथे सविस्तर लिहिते, बाकीचं हॉस्पिटलात कुणीही सांगेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट, आणि ही घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही कॅशलेस आहे. म्हणजे आधी तुम्ही पैसे भरलेत आणि नंतर बिलं घेऊन गेलात तर ते पैसे परत मिळत नाहीत. घाबरलेल्या अवस्थेत आपण पहिली गोष्ट काय करतो तर डिपॉझिट भरतो, 'कागदपत्रं नंतर बघू' म्हणतो. माझ्या वेळी आम्ही हेच केलं. काउंटरवर कुणीही योजनेचं नाव काढलं नाही, आम्हीही विचारलं नाही, आणि सर्जरी झाल्यावर चौथ्या दिवशी शेजारच्या बेडवरच्या मावशी म्हणाल्या, अगं तुमचं केशरी कार्ड आहे ना, मग पैसे कसले भरताय? तोपर्यंत भावाने गाडी विकलेली होती. म्हणून अ‍ॅडमिशनच्या आधी दोन प्रश्न विचारा : हे हॉस्पिटल योजनेत आहे का, आणि माझा जो उपचार आहे तो योजनेखाली इथे होतो का. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण हॉस्पिटल योजनेत असतं पण कॅन्सरसाठी नसतं असंही होतं. खात्री करायला १५५३८८ हा हेल्पलाइन नंबर आहे, शिवाय प्रत्येक अंगीकृत, म्हणजे योजनेत असलेल्या, हॉस्पिटलात आरोग्यमित्राचा टेबल असतो, बऱ्याचदा मुख्य दरवाजापासून लांब, त्यामुळे सिक्युरिटीवाल्या दादांना विचारा.

पात्रतेबद्दल अजून जुनी माहिती फिरतीये. योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ च्या शेवटी राज्यभर गेली, २०१७ मध्ये नाव बदललं. तेव्हा वर्षाला दीड लाख आणि तेही मुख्यतः पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांना. आता तसं नाहीये. २०२३ चा निर्णय १ जुलै २०२४ पासून लागू झाला आणि तेव्हापासून पांढरं कार्डसुद्धा चालतं, रक्कम ५ लाख. पण हे ५ लाख एका माणसाचे नाहीत, अख्ख्या कुटुंबाचे वर्षभराचे मिळून आहेत, म्हणजे त्याच कार्डावर सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली असेल तर तेवढे कमी झालेले असतात. 'पांढरं कार्ड आहे ना, तुम्हाला नाही मिळणार' असं कुणी तोंडी सांगितलं तर तिथून उठू नका, समोरच हेल्पलाइनला फोन लावा.

आता रेशनकार्ड. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त लोक इथेच अडकतात. कार्ड घरात असतं, पण पेशंटचं नाव त्यात नसतं. लग्न झालं, माहेरच्या कार्डातून नाव कमी केलं नाही, सासरच्या कार्डात घातलं नाही, वीस वर्षं काही अडलं नाही म्हणून कुणी बघितलंही नाही. किंवा नाव छापील कार्डावर आहे पण ऑनलाइन नाही, आणि योजनेला लागतो तो ऑनलाइनचा बारा अंकी नंबर. गावचं कार्ड असेल तर चालतं, महाराष्ट्रातलं कुठल्याही जिल्ह्याचं चालतं, सोलापूर-लातूरहून पुण्यात आलेल्या लोकांनी उगाच इथे नवीन कार्ड काढायच्या मागे लागू नये. नाव घालायचं असेल तर पुणे शहरात आपल्या परिमंडळ कार्यालयात, म्हणजे रेशनिंगच्या ऑफिसात, जायचं, आणि तिथे अर्जाबरोबर डॉक्टरांचं पत्र जोडायचं की पेशंटला उपचारासाठी तातडीने गरज आहे. हे पत्र न जोडता दिलेला अर्ज इतर अर्जांच्या गठ्ठ्यात जातो आणि मग चकरा सुरू होतात.

नाव जुळत नसेल तर लोक पटकन आधार बदलायला धावतात. थांबा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. आधार बरोबर असेल तर बाकीचे कागद आधारप्रमाणे करून घ्या. सर्वात सोपी दुरुस्ती हॉस्पिटलच्या आणि लॅबच्या कागदांवरची असते, पहिल्याच दिवशी केस पेपर काढताना नाव आधारवर आहे तस्संच सांगायचं, स्पेलिंगसकट, वय सुद्धा. घाईत लिहिणारा माणूस 'नाव काय' विचारतो आणि आपण घरात म्हणतात ते सांगतो, तिथून ते नाव बायोप्सीच्या डबीवर जातं, डबीवरून रिपोर्टवर, रिपोर्टवरून योजनेच्या ऑनलाइन पोर्टलवर.

माझा आग्रह असा आहे की बायोप्सी ज्या दिवशी होते त्याच दिवशी कागदांचं काम सुरू करा. रिपोर्ट यायला काही दिवस जातात आणि ते दिवस घरातले सगळे देवाला हात जोडून काढतात, जे मी समजू शकते, पण घरातल्या एकाने तरी तेवढ्यात रेशनकार्ड तपासावं. रिपोर्ट चांगला आला तर आनंदच आहे, कार्ड दुरुस्त झाल्याने नुकसान काहीच नाही.

बायोप्सीबद्दल अजून थोडं. योजनेची मंजुरी, म्हणजे प्रीऑथ, घ्यायला पॅथॉलॉजीचा रिपोर्ट लागतोच, 'डॉक्टर म्हणाले कॅन्सर आहे' यावर होत नाही. आणि हॉस्पिटल बदललं तर नवे डॉक्टर स्लाइड (नमुना लावलेल्या काचेच्या पट्ट्या) आणि ब्लॉक मागतात. ब्लॉक म्हणजे तुमच्या गाठीचा तुकडा मेणात बसवलेला असतो, लहानशा खडूच्या तुकड्याएवढा, पहिल्या लॅबकडे जमा असतो, लेखी अर्ज करून मागायचा. एका मुलाने आईचा ब्लॉक घेतला आणि एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवून तीन तास पुणेभर फिरला. मेण मऊ पडलं. त्याला बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तर ब्लॉक पर्समध्ये ठेवा, सावलीत ठेवा, आणि कुणाला दिला त्याची पोच घ्या.

प्रीऑथ एकदाच मिळतं असं समजू नका. सर्जरीचं वेगळं, रेडिएशनचं वेगळं, केमोचं सायकलप्रमाणे, म्हणजे केमोच्या प्रत्येक फेरीला. म्हणून रेशनकार्ड-आधारची झेरॉक्स एकच काढून भागत नाही, दहा काढून ठेवा. आणि एक शब्द नीट समजून घ्या : 'क्वेरी'. पोर्टलवर क्वेरी आली की काउंटरवरून बऱ्याचदा 'तुमचं रिजेक्ट झालं' असं सांगितलं जातं आणि माणसं रडत घरी जातात. क्वेरी म्हणजे नकार नाही, क्वेरी म्हणजे अजून एक कागद किंवा खुलासा मागितलाय. आरोग्यमित्राला नम्रपणे म्हणायचं, दादा, स्क्रीनवर काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा. पाच वेळा मी हे वाक्य बोललेय आणि पाचपैकी चार वेळा मागितलेला कागद आमच्या फाइलमध्येच होता, फोटो अस्पष्ट आला होता इतकंच. सगळे आरोग्यमित्र वाईट नसतात हेही सांगते, एका टेबलावर रोज इतके लोक येतात की तो माणूस तरी किती जणांना समजावणार, पण पेशंटला बसायला एक खुर्ची द्यावी एवढी अपेक्षा चुकीची नाही.

काय योजनेत येईल आणि काय नाही हे औषधाचं नाव घेऊन विचारा. 'केमो फ्री आहे' हे अर्धवट उत्तर आहे. डॉक्टरांनी टार्गेटेड औषध किंवा इम्युनोथेरपी लिहिली असेल तर ते नाव कागदावर लिहून न्या. पेट स्कॅन (PET, पोटाचा नव्हे, कॅन्सर अंगात कुठे आहे ते बघणारा) योजनेत धरून चालू नका, आधी विचारा.

योजनेत बसत नसेल किंवा ५ लाख संपले तर धर्मादाय बेड. ट्रस्टच्या हॉस्पिटलांना कायद्याने, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खाली, १० टक्के बेड निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ५० टक्के सवलतीत ठेवावे लागतात. निर्धन म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. पुण्यात अशी मोठमोठी ट्रस्ट हॉस्पिटलं बरीच आहेत. तिथे बिलिंग काउंटरला विचारू नका, सरळ समाजसेवा विभागात जा, एमएसडब्ल्यू, म्हणजे हॉस्पिटलच्या समाजसेवक, मॅडम किंवा सर असतात त्यांना भेटा. 'बेड शिल्लक नाही' असं म्हणाले तर लेखी मागा, आणि ढोले पाटील रोडला धर्मादाय सहआयुक्तांचं ऑफिस आहे तिथे तक्रार करता येते. इमर्जन्सी असेल तर धर्मादाय हॉस्पिटलला डिपॉझिट न घेता दाखल करून घ्यावं लागतं, हे लक्षात ठेवा.

इथे लागतो तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आणि त्याच्या तारखेने मी इतकी माणसं अडलेली बघितलीयेत की काय सांगू. लोकांना वाटतं दाखला काढल्यापासून वर्षभर चालतो. नाही. एक वर्षाचा दाखला ३१ मार्चपर्यंत चालतो, त्याच्यावरच तसं लिहिलेलं असतं, तळाशी. फेब्रुवारीत काढलेला दाखला एप्रिलमध्ये बाद. रेडिएशन पाच-सहा आठवडे चालतं, मार्चमध्ये सुरू झालं तर मध्येच दाखला संपतो आणि मग बिलावरची सवलत अडकते. तेव्हा १ एप्रिलला नवीन अर्ज टाकायचाच, 'आहे की अजून' म्हणत बसायचं नाही. दाखल्याला नोकरी असेल तर फॉर्म १६, नसेल तर तलाठ्यांचा अहवाल, आणि वेळ लागतो. अजून एक, राहता महापालिकेत पण तालुका कुठला हे आधी बघा. वारजे, हडपसर असं कितीतरी भाग महसुलाच्या हिशोबात हवेलीत येतात, शहर तहसीलला अर्ज टाकून आठवडा वाया गेलेले लोक मला माहितीयेत.

मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधी हा वरच्या दोन्हींनंतरचा मार्ग आहे, म्हणजे ज्याला फुले योजनेत उपचार मिळतोय त्याने इथे अर्ज करून उपयोग नाही. उत्पन्नाची मर्यादा १ लाख ६० हजार. अर्ज, आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, रिपोर्ट, हे नेहमीचं. अडतं ते दोन ठिकाणी. एक, खर्चाचं अंदाजपत्रक खासगी हॉस्पिटलचं असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून आणावं लागतं, पुण्यात त्यासाठी औंधच्या जिल्हा रुग्णालयात जायचं. दोन, पेशंट हॉस्पिटलात दाखल असतानाचा जिओटॅग फोटो, म्हणजे कुठे काढलाय ते ठिकाण नोंदलेला. डिस्चार्ज झाल्यावर हा फोटो कुठून आणणार? भरलेलं बिलही परत मिळत नाही, मंजूर रक्कम हॉस्पिटलच्या खात्यात जाते. म्हणून दाखल असतानाच अर्ज करा. मंत्रालयात खेटे घालायची गरज नाही, आणि 'दोन हजार द्या, मी करून देतो' म्हणणाऱ्याला तर एक रुपया देऊ नका, अर्ज फुकट आहे.

पुणे महापालिका हद्दीत राहणाऱ्यांनी पालिकेच्या शहरी गरीब या वैद्यकीय मदतीच्या योजनेचंही विचारून ठेवा, तिचं कार्डही दरवर्षी नव्याने करावं लागतं. मुंबईत परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात जाणाऱ्यांना रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला पेशंटचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत, पण हॉस्पिटलने रेल्वेच्या नमुन्यात दिलेलं सर्टिफिकेट घेऊन खिडकीवरच जावं लागतं.

हे सगळं पेशंटने करायचं नाही. केमोच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उभं राहणं काय असतं ते मला माहितीये, तोंडाला चव नसते, फिनेलच्या वासाने मळमळतं आणि त्यात रांग. घरातल्या एकाने कागद घ्यावेत, दुसऱ्याने जेवणाचं बघावं, आणि कुणीतरी एकाने नुसतं शेजारी बसावं. 'काही लागलं तर सांग' म्हणण्यापेक्षा 'मंगळवारी तहसीलला मी जातो' असं म्हणा, आजारी माणसाला मागायला फार जड जातं.

सुमन काकूंचं काम शेवटी असं झालं : लॅबने आधारप्रमाणे नाव-वय दुरुस्त करून रिपोर्ट पुन्हा दिला, रेशनकार्डावर जावयाने डॉक्टरांचं पत्र जोडून 'बाई' घालून घेतलं, आणि क्वेरीला दोन्ही कागद स्कॅन करून लावले. नऊ दिवस गेले. परवा तिसऱ्या सायकलचं प्रीऑथ आलं तेव्हा काकूंनी मला फाइल उघडून दाखवली, निळी प्लास्टिकची, आत प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यावर नातीकडून पेन्सिलीने नंबर घालून घेतलेत, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या नवीन बाईंना विचारत होत्या, तुमचं नाव आधारवर काय आहे ते आधी बघितलं का हो?