घर घेताय? टोकन द्यायच्या आधी कुठले पेपर तयार ठेवायचे

घर आवडलं की लोक आधी टोकन देतात आणि मग लोनसाठी बँकेत धावतात, माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी बँकेत जा. प्री-अप्रूव्हलचं लेटर, म्हणजे साधारण किती लोन मिळू शकेल हे बँक आधीच लिहून देते ते, हातात असलं की आपलं बजेट नक्की कळतं आणि विकणारा पण आपल्याला सिरीयसली घेतो. फक्त ते लेटर म्हणजे लोन मंजूर झालं असं समजू नका, घराचे पेपर आणि व्हॅल्युएशन (बँकेने काढलेली घराची किंमत) बघून बँक नंतर नाही म्हणू शकते.

पात्रतेत बँक बघते तुमचं नियमित उत्पन्न, वय, चालू हप्ते आणि क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या आधीच्या लोनची आणि परतफेडीची नोंद. हा रिपोर्ट दोन-तीन महिने आधीच काढा, कधीकधी फेडलेलं लोन पण त्यात चालूच दिसतं आणि दुरुस्तीत वेळ जातो. अर्ज केल्यावर मधेच गाडीचं लोन काढू नका. मुदत पण नीट ठरवा, 9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं तर मुद्दलाच्या साधारण 116 टक्के नुसतं व्याज जातं, 15 वर्षांत तेच 83 टक्क्यांच्या आसपास.

तुमची कागदपत्रं म्हणजे ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, टॅक्स रिटर्न, धंदा असेल तर ताळेबंद. सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच हवं, एवढ्याशा फरकावरून फाईल परत येते.

खरी मेहनत घराच्या पेपरांवर घ्या. वकील स्वतःचा लावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. जुने व्यवहार सलग जुळतात का, घर वारसाहक्काने आलं असेल तर सगळ्या वारसांची सही मिळणार का, मंजूर नकाशात नसलेली खोली वाढवलीय का, टॅक्स थकलाय का हे त्याच्याकडून तपासून घ्या. विकणाऱ्याचं लोन बाकी असेल तर त्याच्या बँकेकडून बाकी रकमेचं लेखी पत्र मागा आणि ती रक्कम थेट त्या बँकेतच भरा, नाहीतर मूळ कागद तिथेच अडकून राहतात.

हे झालं की मग टोकन, तेही रोख नको, आणि लोन नाकारलं किंवा टायटलमध्ये (मालकी हक्कात) दोष निघाला तर पैसे परत मिळतील ही अट पावतीवर लिहून घ्या. खाते नंबर बदललाय असा मेल आला तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा, मेलमधल्या नंबरवर नाही. नोंदणीच्या दिवशी दस्तातलं क्षेत्रफळ आणि नावं स्वतः वाचा, आणि ताबा मिळाल्यावर टॅक्स आणि लाईट बिलावर नाव बदलायचा अर्ज त्याच आठवड्यात टाका.